दहा लाखांत एक

खानदेशात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या कोणालाही विषय विचारा, उत्तर बहुधा ‘थिन फिल्म’ असंच येतं. मग तो फैजपूर-सावद्याचा असो, अमळनेरचा असो की धुळ्याचा. फिल्म झिंक ऑक्साइडची असेल, कॅडमियम सल्फाइडची असेल किंवा सध्या चलती असलेल्या सुपरकपॅसिटरसाठीची असेल; काचेच्या पट्टीवर चढवलेला पातळ थर हा गाभा कायम. यात गूढ काही नाही. बीकर, हॉट प्लेट, स्टिरर, पीएच मीटर आणि रसायनांच्या चार बाटल्या एवढ्यावर काम सुरू होतं. एक्सआरडी किंवा एसईएम करायचं तर नमुना जळगावला विद्यापीठात नाहीतर पुण्याला पाठवला की झालं.

या परंपरेचं मूळपीठ कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक पद्धतीने फिल्म चढवण्याचं काम इतकं वाढवलं, की माने आणि लोखंडे यांचा २००० सालचा चाल्कोजेनाइड फिल्मवरचा आढावा आणि पठाण आणि लोखंडे यांचा २००४ सालचा ‘सिलार’ पद्धतीवरचा आढावा परदेशातले संशोधकही उघडून बसतात. त्या तालमीतले लोक पुढे महाराष्ट्रभर पांगले; बी. आर. संकपाळ काही वर्षं जळगावच्या विद्यापीठात होते. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात एल. ए. पाटील यांच्या गटाने गॅस सेन्सरसाठी थिक फिल्मचं काम केलं आणि तालुक्याच्या गावातून आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये पेपर जाऊ शकतात हे दाखवून दिलं. हे सगळं कौतुकाचंच आहे.

तरी या कामात एक आकडा सहसा कुठे दिसत नाही. बँडगॅप टाउक प्लॉटवर पट्टी ठेवून काढला जातो, दाण्याचा आकार शेररच्या सूत्रातून येतो, आणि ट्रान्समिटन्स ‘८५ टक्के’ म्हणून नोंदवला जातो. उरलेले १५ टक्के गेले कुठे? परत फिरले, इकडेतिकडे विखुरले, की फिल्मने गिळले? या प्रश्नापाशी प्रबंध थांबतो. प्रकाशविज्ञानाने गेल्या पन्नासेक वर्षांत मारलेली मोठी मजल मात्र नेमकी या उरलेल्याचा हिशेब ठेवण्यातून आली आहे. टक्क्यांतला हिशेब आधी हजारात, मग लाखात आणि शेवटी दहा लाखांत एक इथवर पोचला. कमी गळतीची ऑप्टिकल कोटिंग्ज, क्वांटम डॉट आणि या दोघांची गाठ घालून देणारी मायक्रोकॅव्हिटी ही एकाच हिशेबवहीची पानं आहेत, असं माझं मत आहे. आपल्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळांना या विषयात शिरायला जागा असेल, तर तीही नवा पदार्थ शोधण्यात नसून या हिशेबातच आहे.

सुरुवात आरशांपासून करू. घरच्या आरशामागे धातूचा थर असतो आणि त्यात शंभरातले पाच-दहा फोटॉन मरतात. चांगल्या आरशात धातू नसतोच. त्यात सिलिका आणि टँटलम पेंटॉक्साइड यांचे थर एकाआड एक चढवलेले असतात आणि प्रत्येकाची जाडी त्या पदार्थातल्या तरंगलांबीच्या पावपट. हीलियम-निऑन लेसरच्या ६३३ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशासाठी हिशेब केला तर सिलिकाचा थर सुमारे १०८ आणि टँटलम ऑक्साइडचा सुमारे ७५ नॅनोमीटर भरतो. प्रत्येक सीमेवरून थोडा थोडा प्रकाश परततो, सगळे परतलेले तरंग एकाच तालात मिळतात, आणि पंधरा-वीस जोड्यांत परावर्तन ९९.९९ टक्क्यांच्या पुढे जातं. कागदावर जोड्या वाढवत गेलं की परावर्तन शंभराच्या जवळ जवळ सरकतं. अडचण कागदाबाहेर आहे. निर्वात पात्रात पदार्थ तापवून त्याची वाफ काचेवर बसवली, तर अणू पुरेशा जोरात येत नाहीत. ते जिथे पडतात तिथेच राहतात, खांबांसारखे उभे वाढतात आणि खांबांमध्ये पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांत हवेतली वाफ शिरते. कोरड्या दिवशी एका तरंगलांबीवर बसलेला आरसा दमट दिवशी दुसरीकडे सरकतो, आणि प्रत्येक पोकळी प्रकाश विखुरते ते वेगळंच.

हा प्रश्न सुटला तो विमानांमुळे. रिंग लेसर जायरोस्कोपमध्ये एकाच बंद मार्गावर लेसरचे दोन झोत उलटसुलट फिरत असतात. यंत्र वळलं की दोघांच्या वारंवारतेत फरक पडतो आणि त्या फरकावरून वळण कळतं. पण आरशाने प्रकाशाचा अगदी बारीक अंश जरी उलट्या दिशेला विखुरला, तरी दोन्ही झोत एकमेकांना धरून बसतात, फरक शून्य होतो आणि हळू वळणारं विमान सरळ चाललंय असं यंत्र सांगतं. वैमानिकाला हे परवडणारं नव्हतं. अमेरिकेतल्या लिटन कंपनीत डेव्हिड वेई आणि अँथनी लाउडरबॅक यांनी यावर आयन बीम स्पटरिंगचा उपाय काढला. त्याचं पेटंट १९७९ चं आहे. पदार्थ तापवायचाच नाही. एका बंदुकीतून आर्गॉनचे आयन टँटलमच्या किंवा सिलिकॉनच्या पाटीवर आदळवायचे, त्या माऱ्याने पाटीवरचे अणू उडतात, बरोबर सोडलेल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि समोर फिरत असलेल्या काचेवर जाऊन बसतात. हे अणू वाफेतल्या अणूंपेक्षा कितीतरी जास्त जोरात येतात, त्यामुळे थर घट्ट बसतो, पोकळी राहत नाही. मग तो आरसा भट्टीत तापवून उरलंसुरलं शोषण घालवायचं. काम मात्र कासवाच्या गतीने चालतं. काचही आधी अशी घासावी लागते की तिच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा एका अँगस्ट्रॉमच्या आत राहावा. अणूचा स्वतःचा व्यास त्याहून मोठा असतो, हे लक्षात घेतलं म्हणजे ‘घासणं’ हा शब्द इथे किती अपुरा आहे ते कळतं.

१९९२ मध्ये कॅल्टेकच्या जेफ किंबल यांच्या गटाने, गेरहार्ड रेम्पे आणि कोटिंगचे जाणकार रामिन लालेझारी यांच्यासह, अशा आरशांच्या जोडीची गळती मोजली: प्रत्येक आरशाला दहा लाखांत १.६. म्हणजे दहा लाख फोटॉन येऊन आदळले तर दीड-एक हरवला, बाकी सगळे परत. प्रकाश आरशांमध्ये किती टिकतो हे सांगणाऱ्या फिनेस या मापात बसवलं तर आकडा १९ लाखांचा होतो.

हे मोजलं कसं, ही खरी शिकण्यासारखी गोष्ट. प्रत्येक महाविद्यालयात असलेल्या यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरला ९९.९ आणि ९९.९९ यांतला फरक दिसतच नाही. त्याची स्वतःची चूकच दहा लाखांत हजार-दोन हजारांची असते. म्हणून एका आदळण्यातली घट मोजायच्या फंदात न पडता हजारो-लाखो आदळण्यांनंतर काय उरतं ते बघायचं. दोन आरसे समोरासमोर ठेवायचे, मधे प्रकाश भरायचा, लेसर एकदम बंद करायचा आणि आतला प्रकाश किती वेळात विझतो ते पाहायचं. आरसे एक मीटर अंतरावर असतील आणि प्रत्येकाची गळती दहा लाखांत दहा असेल, तर विझण्याचा काळ सुमारे ३३३ मायक्रोसेकंद येतो. तेवढ्यात प्रकाश शंभर किलोमीटर धावलेला असतो. फैजपूरहून जळगावला जाऊन परत यावं, साधारण तेवढा प्रवास टेबलावरच्या एक मीटरमध्ये. वेळ मोजायचा असल्यामुळे लेसरची तीव्रता खालीवर झाली तरी बिघडत नाही. रसायनशास्त्रातलं ‘कॅव्हिटी रिंग-डाउन’ तंत्र याच कल्पनेवर उभं आहे, आणि कोटिंग तपासायचीही हीच कसोटी.

या आरशांचा महाराष्ट्राशी येणारा सर्वांत मोठा संबंध हिंगोली जिल्ह्यात आहे. गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी औंढा नागनाथजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया वेधशाळा म्हणजे एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत लोंबते आरसे. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा खात्याचा बांधकाम विभाग मिळून हे काम करतात. आयुकातल्या संजीव धुरंधरांसारख्यांनी गुरुत्वीय लहरींचा संकेत गोंगाटातून वेगळा काढायचं गणित त्याआधी कितीतरी वर्षं मांडून ठेवलं होतं.

अमेरिकेतल्या लायगोचे आरसे ३४ सेंटिमीटर व्यासाचे, ४० किलो वजनाचे, फ्यूज्ड सिलिकाचे. त्यांवरचं कोटिंग फ्रान्समधल्या लियाँच्या प्रयोगशाळेत आयन बीम स्पटरिंगनेच चढवलं गेलं. टँटलम ऑक्साइडमध्ये थोडं टायटॅनियम ऑक्साइड मिसळून. त्यांचं प्रकाशशोषण दहा लाखांत एकाच्याही खाली आहे. एवढं साधल्यावर काम संपायला हवं होतं. पण तिथे अडलं भलतीकडेच. कोटिंगचे अणू उष्णतेमुळे सतत थरथरतात, आणि काही मायक्रॉन जाडीच्या त्या थराची थरथर चार किलोमीटरच्या मोजमापात गोंगाट म्हणून उतरते. प्रकाशाची गळती आटोक्यात आली, आता थराच्या अंतर्गत घर्षणातून होणारी यांत्रिक ऊर्जेची गळती आडवी आली. म्हणून टँटलमच्या जागी टायटॅनियम मिसळलेलं जर्मेनियम ऑक्साइड वापरता येईल का, याचा शोध चालू आहे. २०२१ मध्ये त्याचे आश्वासक निकाल प्रसिद्ध झाले. दुसरा मार्ग व्हिएन्नातून निघाला. गॅरेट कोल आणि मार्कुस आस्पेलमायर यांनी २०१३ मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या एकसंध स्फटिकाचा आरसा बनवून ही थरथर दहापटीने घटवून दाखवली. स्फटिकावर वाढवलेले थर सोलून वेगळ्या काचेवर चिकटवायचे, अशी ती करामत. याशिवाय लायगोच्या आरशांवर काही ठिकाणी मायक्रॉनभर आकाराचे ठिपके सापडले, जे आपल्या वाट्याला आलेला प्रकाश शोषून तापतात आणि आरशाला फोड आल्यासारखा बाक देतात. सगळ्या आरशाची सरासरी उत्तम आणि एका ठिपक्याने काम बिघडवावं, हे कोटिंगवाल्यांना नवं नाही.

आता क्वांटम डॉटकडे. इथे सुरुवात बीकरपासूनच करता येते, आणि ती आपल्या ओळखीचीही आहे. सेलेनियमची पूड सोडियम सल्फाइटबरोबर काही तास सत्तर-ऐंशी अंशांवर ढवळली की सोडियम सेलेनोसल्फेट तयार होतं. दुसऱ्या बीकरमध्ये कॅडमियमचा क्षार घ्यायचा, त्यात अमोनिया सोडायचा. आधी दुधाळ साका येतो, आणखी अमोनिया टाकला की तो विरतो आणि द्रावण नितळ होतं. दोन्ही एकत्र करून त्यात धुतलेल्या काचपट्ट्या उभ्या टेकवून ठेवायच्या. पट्टीवर आधी पिवळट झाक, मग नारिंगी, मग लालसर. हा द्रावणाचा बाथ थंड ठेवला तर रंग नारिंगीकडे झुकतो, गरम ठेवला तर लालकडे. आणि तीच पट्टी नंतर भट्टीत तापवली की ती काळपटते. पदार्थ तोच, कॅडमियम सेलेनाइड. बदलला तो स्फटिककणांचा आकार. कण जितका लहान तितकं आतल्या इलेक्ट्रॉनला दाटीवाटीने राहावं लागतं, त्याचा बँडगॅप वाढतो आणि रंग निळ्याच्या दिशेने सरकतो. इस्रायलच्या गॅरी होड्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये नेमकं हेच रासायनिक बाथमधल्या फिल्मवर दाखवलं होतं. आपल्याकडचे कित्येक विद्यार्थी ‘ब्लू शिफ्ट’ असं लिहून ज्याच्यापाशी न थांबता पुढे गेले, तो क्वांटम डॉटच होता.

या शोधाचं श्रेय २०२३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलने तिघांना दिलं. अलेक्सेई एकिमोव्ह यांना रशियात रंगीत काचेत कॉपर क्लोराइडचे कण सापडले, लुई ब्रस यांना बेल लॅबमध्ये द्रावणात तरंगणारे कॅडमियम सल्फाइडचे कण, आणि मौंगी बावेंडी यांनी १९९३ मध्ये तापलेल्या द्रावकात रसायन एकदम टोचून एकसारख्या आकाराचे कण काढायची रीत बसवली. दूरचित्रवाणीच्या पडद्यात आज जे डॉट आहेत ते याच वंशाचे, फक्त कॅडमियमच्या विषारीपणामुळे त्यांत बहुधा इंडियम फॉस्फाइड असतं. पुण्यात विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने अशा कणांवर फार आधीपासून काम केलं. आयसर पुण्यातल्या अंगशुमान नाग यांच्या गटाने २०१५ मध्ये सीझियम-लेड-ब्रोमाइडच्या पेरोव्हस्काइट कणांवर केलेलं काम जगात लगेच उचललं गेलं, कारण या कणांचा पृष्ठभाग फारसा न सजवताही ते झगझगीत चमकतात. (जाता जाता: कॅडमियमच्या बाथचं उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायची सवय अजून अनेक ठिकाणी गेलेली नाही. प्रबंधाला एथिक्सचं प्रमाणपत्र लागतं, त्या पाण्याचा हिशेब मात्र कोणी मागत नाही.)

दुसरा वंश निर्वातातला. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकावर इंडियम आर्सेनाइड चढवायला घेतलं तर दोघांच्या अणूंमधल्या अंतरात सात टक्क्यांचा फरक असतो. पहिला दीड-पावणेदोन अणुथर कसाबसा ताणून बसतो, आणि मग तो ताण सहन न होऊन पदार्थ आपोआप गोळा होतो. वीसेक नॅनोमीटर रुंद, चार-पाच नॅनोमीटर उंच अशा टेकड्या उठतात. या टेकड्या म्हणजेच डॉट. वरून पुन्हा गॅलियम आर्सेनाइड चढवून त्यांना स्फटिकात पुरून टाकायचं, मग हवेशी त्यांचा संबंध उरत नाही. आयआयटी मुंबईत सुभानंद चक्रवर्ती यांचा गट अशा डॉटपासून इन्फ्रारेड संवेदक बनवत आला आहे. हे वाढवायला मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सी लागते: महिनोन्‌महिने न तुटणारं निर्वात, अखंड द्रवरूप नायट्रोजन, अखंड वीज. भारनियमनाच्या तालुक्यात हे यंत्र बसणार नाही, आणि बसवूही नये.

अशा एका डॉटला लेसरने टोचलं की तो एका वेळी एकच फोटॉन सोडतो. संदेश गुप्त ठेवण्यासाठी आणि फोटॉनवर चालणाऱ्या क्वांटम संगणकासाठी नेमका असाच स्रोत हवा. अडचण एवढीच की फोटॉन कुठल्या दिशेला सुटेल याचा नेम नाही, आणि गॅलियम आर्सेनाइडचा अपवर्तनांक इतका मोठा आहे की बहुतेक फोटॉन पृष्ठभागावरून आतच वळतात. उघड्या स्फटिकातून वर येणारा हिस्सा एक-दोन टक्क्यांचा. पाटाने पाणी सोडलं तर ते वाटेत मुरतं, आणि ठिबकने सोडलं तर थेट केळीच्या बुंध्याशी जातं. डॉटभोवती मायक्रोकॅव्हिटी उभी करणं म्हणजे प्रकाशाला ठिबकवर घेणं.

यामागचा नियम एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये एका परिच्छेदाच्या टिपणात मांडला होता. उत्सर्जन ही एकट्या अणूची मर्जी नाही. भोवतालची पोकळी त्याला कोणकोणते मार्ग देते यावर ते ठरतं. दोन आरशांमधली फट तरंगलांबीएवढी लहान केली आणि प्रकाश तिथे जास्त वेळ टिकवला, तर डॉट फोटॉन लवकर सोडतो आणि तो जवळजवळ त्या एकाच मार्गात सोडतो. जागा जितकी लहान आणि गळती जितकी कमी, तितका हा परिणाम मोठा. गळती आणखी घटवली तर फोटॉन बाहेर जाण्याआधी डॉटने तो परत शोषावा, पुन्हा सोडावा, असा खेळ चालतो. एकट्या डॉटच्या बाबतीत हे २००४ मध्ये साधलं. जर्मनीतल्या वुर्झबुर्गच्या गटाने स्फटिकाचा बारीक खांब कोरून, आणि अमेरिकेतल्या गटाने स्फटिकाच्या पातळ पडद्याला छिद्रं पाडून. दोन्ही पेपर एकाच आठवड्याच्या ‘नेचर’मध्ये आले.

खांबाच्या रचनेत एक अंगभूत उणीव आहे. खांब कोरताना त्याच्या भिंती खडबडीत होतात आणि तिथून प्रकाश निसटतो. शिवाय डॉट स्फटिकात कुठेही उगवलेला असतो, आणि त्याच्या बरोबर भोवती खांब उभारायला आधी तो शोधावा लागतो. पॅरिसजवळ पास्काल सेनेलार्ट यांच्या गटाने २००८ मध्ये डॉट चमकताना पाहत पाहतच त्याच्याभोवती खांब आखायची युक्ती काढली आणि त्यावर पुढे कंपनीही उभी राहिली. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या रिचर्ड वॉरबर्टन यांनी वेगळा रस्ता धरला: कोरायचंच नाही. खाली स्फटिकाचा आरसा आणि त्यावर डॉट, वर मात्र वेगळा, सुटा आरसा. कार्बन डायऑक्साइड लेसरच्या एका फटक्याने काचेत बशीसारखा बारीक खळगा पाडायचा, त्यावर आयन बीम स्पटरिंगचं कोटिंग चढवायचं आणि हा आरसा नॅनोमीटरच्या काट्याने हवा तिथे सरकवायचा. जायरोस्कोपवाल्यांच्या कोटिंगने इथे डॉटला गाठलं. चार केल्व्हिनच्या थंडीत यंत्राच्या पंपाचा हादराही त्या फटीला हलवतो, म्हणून या प्रकाराला धीर फार लागतो.

बासेलकरांना इथे जी अडचण आली ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी वाटते. आरसे उत्तम, डॉट उत्तम, तरी कॅव्हिटीत प्रकाश अपेक्षेपेक्षा लवकर विझायचा. गळती सापडली ती पृष्ठभागावर. गॅलियम आर्सेनाइडच्या उघड्या पृष्ठभागावर अणूंचे हात अर्धवट मोकळे असतात, तिथे विद्युतभार अडकतो, त्या भाराचं क्षेत्र आतल्या थरावर दाब आणतं आणि तो थर प्रकाश शोषायला लागतो. उपाय? वरची ऑक्साइडची साय खरवडून काढायची, मग तुकडा अमोनियम सल्फाइडच्या द्रावणात बुडवायचा, आणि वर आठेक नॅनोमीटरचं अ‍ॅल्युमिना चढवायचं. सल्फाइडचा बाथ! एवढ्या महागड्या यंत्रसामग्रीच्या शेवटी प्रश्न सुटला तो वास येणाऱ्या पिवळट द्रावणाच्या बीकरमध्ये. २०१९ मध्ये त्यांनी डॉट आणि कॅव्हिटी यांची जोडी गळतीवर कितीने मात करते ते मोजलं, त्या मापाचा आकडा १५० आला.

पण फोटॉनचा स्रोत बनवायचा तर हे सगळं उलटं फिरवावं लागतं. गळती अजिबात नसेल तर फोटॉन बाहेर येणारच नाही. म्हणून वरचा आरसा मुद्दाम थोडा गळका ठेवतात, साधारण टक्काभर, आणि बाकी सगळ्या गळत्या त्याच्यापुढे नगण्य असाव्यात असं पाहतात. कमी गळतीचं कोटिंग लागतं ते प्रकाश कोंडण्यासाठी कमी आणि हवी ती गळती नको त्या गळतीवर भारी पडावी यासाठी जास्त. २०२१ मध्ये बासेलच्या स्रोताने डॉटला दिलेल्या प्रत्येक टोचणीमागे ५७ टक्के वेळा फोटॉन थेट फायबरच्या टोकापर्यंत पोचवला. चीनमधल्या गटाने अशाच उघड्या कॅव्हिटीतून २०२५ मध्ये हा आकडा ७१.२ टक्क्यांवर नेला. फोटॉनवर चालणाऱ्या संगणकाच्या एका आराखड्यात दोन-तृतीयांश ही किमान पायरी मानली जाते, ती यात ओलांडली गेली. खांबवाले आणि उघड्या फटीवाले यांच्यातली शर्यत अजून संपलेली नाही. खांब मजबूत, कारखान्यात बनवण्याजोगा. उघडी फट जास्त कार्यक्षम, पण लहरी. शिवाय बहुतेक चांगले डॉट ९०० ते ९५० नॅनोमीटरला चमकतात आणि दूरसंचाराच्या फायबरला १५५० हवं असतं. ही दरी भरून काढायचं काम बरंच बाकी आहे.

आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्येच राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर झाले. त्याची चार केंद्रं बंगळूर, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथे आहेत. मुंबईच्या आयआयटीकडे संवेदन आणि मोजमाप. कोटिंगचा अनुभव भाभा केंद्रात आणि इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात अनेक वर्षांचा आहे. यातलं काहीच तालुक्याच्या महाविद्यालयात हलवता येणार नाही. रासायनिक बाथमधले डॉट एकमेकांना चिकटलेले असतात, त्यांच्या पृष्ठभागावर भार अडकतो, एकेकटा फोटॉन द्यायला ते बहुतांशी निकामी. तेव्हा ‘क्वांटम’ हा शब्द जोडून प्रस्ताव रंगवण्यात अर्थ नाही. पण सल्फाइडने पृष्ठभाग कसा शांत करायचा, पीएच अर्ध्याने हलला तर थर का पांढुरतो, कोणत्या तापमानाला दाणा वाढतो, हे हाताला माहीत असलेली माणसं कोल्हापूरपासून जळगावपर्यंत शेकड्यांनी आहेत. त्यांच्याकडे नाही ते गळती मोजायचं साधन.

ते साधन आवाक्यातलं आहे. १०६४ नॅनोमीटरसाठी ९९.९९ टक्क्यांच्या आरशांची एक जोडी, विजेने झटकन बंद होणारा डायोड लेसर, अ‍ॅव्हलांश फोटोडायोड आणि बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेतला १०० मेगाहर्ट्‌झचा ऑसिलोस्कोप. आरसे अर्ध्या मीटरवर ठेवले तर प्रकाश विझायला सुमारे १७ मायक्रोसेकंद लागतात. मधे दहा लाखांत शंभर गळतीचा नमुना ठेवला की वेळ निम्मा होतो. ऑसिलोस्कोपला हे सहज दिसतं. खरी कसोटी धुळीची. एप्रिल-मे मध्ये खानदेशात जी बारीक धूळ खिडकीच्या फटीतून येते, तिचा एक कण आरशावर बसला तरी सगळा आकडा बिघडतो. म्हणून खर्च लेसरवर करण्याआधी गाळलेल्या हवेच्या बंद टेबलावर करावा, आणि सोललं की धूळ घेऊन निघणाऱ्या पॉलिमरच्या लेपाने आरसे साफ करायला विद्यार्थ्याने महिनाभर शिकावं.

मार्गदर्शक विचारतील, यातून पेपर किती निघतील? कमी निघतील. नव्या पदार्थाची फिल्म वर्षाला चार पेपर देते, मोजमापाची जुळणी पहिलं वर्ष नुसतं खाते. पण सुरुवात करायची तर ती अशी करता येईल: काचेऐवजी फ्यूज्ड सिलिकाच्या पट्ट्या घ्याव्यात, कोरी पट्टी आधी मोजून तिची गळती वजा करावी, आणि कॅडमियम सेलेनाइडचा एकच बाथ चाळीस, साठ आणि ऐंशी अंशांवर लावून तिन्ही फिल्म अमोनियम सल्फाइडच्या आधी आणि नंतर मोजाव्यात. पहिला आकडा हजारांत येईल, आला तरी हरकत नाही. जुळणी एकदा उभी झाली की हे एम.एस्सी.च्या एका वर्षाच्या प्रकल्पात बसणारं काम आहे, आणि बाथचं पाणी बेसिनमध्ये न ओतता कॅनमध्ये भरून ठेवायचं.